झोपेत चालणारी घोडी

लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारते, ‘आपण काय करता?’ तेव्हा मी ‘सरकारी नोकरी’ असं चुकूनही म्हणत नाही. मी म्हणते, ‘घोड्यांना गुंगी आणते.’ बाईचा हात गुलाबजामजवळ थांबतो. मग मी मानेवरची शीर कशी चाचपायची ते तिच्याच मनगटावर दाखवते. गुलाबजाम बहुतेक वेळा मलाच मिळतो.

पण इतकी वर्षं जनावरांची डॉक्टर म्हणून शेकडो सुया टोचूनही माझी छाती फुगते ती एका न टोचलेल्या सुईमुळे. तिचीच ही हकिकत. यात मी कुणाचंही नाव घेणार नाही. घोडीचंसुद्धा नाही, नाहीतर बाकीच्यांना वाटायचं की इज्जत फक्त तिलाच दिली.

नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं, त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. वडील रेल्वेत, मूळ गाव विदर्भात, आणि मी वाढलेली इथलीच. कालपर्यंत ज्या शहरात दुपारी दुकानदार गल्ल्यावर मान टाकून झोपत, तिथे एकदम घाई शिरली. भोपाळहून कपाटांनी भरलेले ट्रक यायला लागले. जिथे खोली दिसेल तिथे कार्यालय थाटलं जाई. आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्याही दोन खोल्या एका खात्याने घेतल्या, आणि एकाच ओसरीवर शेळ्या आणि बाबूलोक दोघंही आपला नंबर कधी लागतो म्हणून ताटकळू लागले. ओरडायच्या फक्त शेळ्या.

घोडे म्हणाल तर शहरात टांग्यांचे दिवस संपलेले होते. उरल्या होत्या वरातीच्या घोड्या. लग्नसराईत त्यांचे मालक माझ्याकडे येत आणि एकच मागणं मागत: ‘शांत करने की सुई.’ सुई चांगली की वाईट हे ओळखायची त्यांची एक रीत होती. मान किती खाली पडते ते बघायचं. छातीपर्यंत पडली तर सुई बरी. गुडघ्यापर्यंत पडली तर सुई पक्की. मान जितकी खाली तितकी घोडी शांत, असा सगळ्या धंद्याचा ठाम समज. टाके घालायचे असतील, दात कानशीने घासायचे असतील, तर मी सुई द्यायची. वरातीसाठी मागितली की मी म्हणायची, ‘नवरदेवाला देते, चालेल?’

आता ही गुंगीची औषधं कशी असतात ते सांगते, म्हणजे पुढची मजा कळेल. मी त्यांना माणसांसारखीच ओळखते. झायलाझिन म्हणजे भर मांडवात दारू पिऊन आलेला पाहुणा. सुई बाहेर काढेपर्यंत घोडीची मान लोंबायला लागते, खालचा ओठ सुटतो, पाय फाकतात. दुखणंसुद्धा बोथट होतं. पण तिच्या मागच्या पायाला काही नकळत लागलं, तर मान तशीच खाली ठेवून ती लाथ मारते, आणि ती लाथ जागेपणीच्या लाथेपेक्षा नेमकी बसते. शिवाय हे सगळं टिकतं मंत्र्याच्या एका भाषणाइतकं, आणि तेही मंत्री लहान असला तर.

एसिप्रोमाझिन म्हणजे जेवून आरामखुर्चीत पडलेले मामा. सावकाश चढतं, बराच वेळ राहतं. डोळे अर्धे मिटतात, जगाशी भांडण संपतं. पण दुखणं त्याने कमी होत नाही, आणि कुणी जोरात हाक मारली की मामा ताडकन उठून बसतात. जनावर आधीच बिथरलेलं असलं तर मामा आरामखुर्चीत बसतच नाहीत. नर घोड्यात याची आणखी एक गंमत असते, ती मी मुद्दाम मागे ठेवते.

तिसऱ्या आहेत माणसांच्या झोपेच्या गोळ्या. त्या मी देत नसे, वरातीतली मंडळी देत. मेडिकलमधून आणायच्या, गुळात कोंबायच्या आणि घोडीला चारायच्या. मोठ्या घोड्याला त्यांनी झोप येत नाही, पायांतला जोर जातो. आपले पाय आपले राहिले नाहीत हे कळलं की घोडा घाबरतो, आणि घाबरला की पळायला बघतो, त्याच पायांवर.

पुरानी बस्तीत एक मावशी होती, आमच्याच वऱ्हाडाकडची. नवरा टांगा चालवायचा. तो गेला, टांगा गेला, आणि मावशीने एक पांढरी घोडी धरून ठेवली. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पिंपळाखाली ती बांधलेली असायची. वरातीत लगाम मावशीच धरायची. डोक्यावर पदर, पायात नवऱ्याचे बूट. घोडी तिच्या आवाजाशिवाय पाऊल टाकत नसे. बँड वाजला की नाचायची, आणि मावशीने ‘बस वो’ म्हटलं की मधल्या तालातच थांबायची. मावशी तिला ‘माही पोट्टी’ म्हणायची आणि घोडीही सासरी न गेलेल्या मुलीसारखे नखरे करायची.

आदल्या लग्नसराईत तेलीबांध्याच्या एका वरातीत नवरदेवाच्या काकांनी हौसेने हिला गुळातून गोळ्या चारल्या होत्या. घोडी भर डांबरी रस्त्यावर दोन्ही गुडघ्यांवर पडली. नवरदेव कुंड्यांमध्ये जाऊन बसला. त्याचं काही बिघडलं नाही. घोडीचे गुडघे मात्र हाडापर्यंत सोलले. मी टाके घातले, महिनोन् महिने पट्ट्या बदलल्या. ती चालायला लागली खरी, पण मी मावशीला बजावून ठेवलं होतं, ‘पुन्हा एकदा गुडघ्यावर पडली तर उठायची नाही. मग मलाही काही करता येणार नाही.’

आणि नेमकी हीच घोडी एका साहेबांच्या डोळ्यांत भरली.

हे साहेब भोपाळहून आले होते आणि राज्याच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीचं सगळं त्यांच्याकडे होतं. मिरवणुकीत सर्वांत पुढे जुन्या काळचा एक राजा पांढऱ्या घोडीवरून जाणार, आणि तो राजा साहेब स्वतःच होणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. अडचण इतकीच की साहेब आयुष्यात कधी घोड्यावर बसले नव्हते. ओसरीवरच्या शेळ्या ओलांडत ते माझ्या टेबलापर्यंत आले, रुमालाने खुर्ची पुसली आणि म्हणाले,

“मैडम, कुछ ऐसा दीजिए कि घोड़ी सोई भी रहे और चलती भी रहे.”

मी म्हटलं, “सर, ऐसा तो सिर्फ दफ्तरों में होता है.”

आमच्या छत्तीसगढी कंपाउंडरने तोंडात कापूस कोंबला. साहेब हसले नाहीत. मी त्यांना मान, ओठ, लाथ, आरामखुर्ची सगळं समजावलं. गुंगीतल्या घोडीवर माणूस बसवायचा नसतो, तिला डांबरावर चालवायचं नसतं, आणि ही घोडी तर पडली की संपली, हेही सांगितलं. ते ऐकत होते. पण बैठकीत ऐकतात तसं, म्हणजे मी कधी थांबते याची वाट बघत. मग अगदी तब्येतीची चौकशी करावी इतक्या प्रेमाने म्हणाले,

“नया राज्य है, मैडम. अंदर के इलाकों में डॉक्टरों की बड़ी जरूरत है.”

“वहाँ के घोड़े खुशनसीब हैं, सर. उन पर कोई साहब नहीं बैठता.”

हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलं आहे. दर वेळी थोडी सजावट वाढते, पण त्या दिवशी एवढंच म्हटलं होतं.

साहेब गेले. संध्याकाळी मावशी आली. मला वाटलं, माझी पाठ थोपटायला आली. ती तर हात जोडून उभी.

“डॉक्टरीण बाई, देऊन टाका न सुई.”

“मावशी, तूसुद्धा?”

“त्याचे शिपाई आले होते. म्हणे, राजधानी सुंदर करून राहिलो, पिंपळाखालची घाण हटवा लागते. घाण म्हणजे माही पोट्टी! मी कुठं बांधू हिले? घरात चुलीपाशी?”

“आणि ती पडली म्हणजे?”

“तवा गोळ्या होत्या, बाई. मेडिकलच्या. तुमची सुई डॉक्टरची. मान खाली घालून गुमान चालन थे. मी पाह्यली हाये न लोकाइच्या घोड्याइले.”

पुन्हा तीच मान! मी एवढं कॉलेज शिकले, औषधं एकमेकांशी ताडून बघितली, कोणतं किती चढतं, कधी उतरतं, टाचेला हात लावला तर पाय उचलतो का. आणि साऱ्या रायपूरचा निकाल लागणार लोंबत्या मानेवर! मला राग आला, आणि राग आला की मला नाटक सुचतं. मी म्हटलं, “मावशी, सोमवारी सकाळी घोडी घेऊन दवाखान्यात ये. साहेबांनाही बोलावते. जे समोर दिसेल त्यावर ठरवू.”

उगाच जनावरांना सुया टोचून खेळ करणाऱ्यांतली मी नाही. सोमवारी माझ्याकडे खरेच दोन रोगी होते. एका काळ्या घोडीच्या दाढा धारदार होऊन गाल कापत होत्या. त्या कानशीने घासायच्या होत्या. तिला झायलाझिन. एका म्हाताऱ्या खच्ची केलेल्या घोड्याला पायाच्या जखमेची पट्टी बदलू देणं मंजूर नव्हतं. त्याला एसिप्रोमाझिन. तिसरी मावशीची पांढरी, तिला काहीच नाही. राहिला बँड. पंडरीजवळच्या एका बँडवाल्याची शेळी माझ्याकडे ॲडमिट होती आणि सराई संपल्यामुळे तो मोकळाच होता. मोठा ढोल घेऊन आनंदाने आला. साहेबांसाठी मी ओसरीवरची चांगल्यातली प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि कुठे ठेवायची ते कंपाउंडरला खडूने आखून दिलं.

“यहाँ, मैडम? घोड़ी के पीछे?”

“यहीं. पर साहब आएँ तो उनको बैठने नहीं देना. घूमते रहने देना.”

“हव,” तो म्हणाला, आणि त्या एका ‘हव’मध्ये सगळं समजल्याची खूण होती.

साहेब आले ते राजाचा पोशाख घेऊनच. शिपायाच्या हातात फेटा आणि जरीचा लांबलचक शेला. काळ्या घोडीला सुई देऊन झाली होती, दाढाही घासून झाल्या होत्या. मान गुडघ्यांच्या खाली, ओठ लोंबलेला, डोळे मिटलेले. साहेबांचा चेहरा उजळला. मावशीचाही.

“यही! यही चाहिए!” साहेब म्हणाले.

“पाहा न बाई,” मावशी मला कोपराने ढोसत म्हणाली, “कशी गाय होऊन राहिली.”

मी बँडवाल्याला खूण केली. त्याने ढोलावर दणका दिला. काळीचा एक कान हलला. बस. दुसरा दणका. कानही नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत माझी बदली मला गावाच्या नावासकट दिसली. नाटक लिहिणाऱ्याला नटाने दगा द्यावा तशी ही काळी शांत उभी! मावशी तर पांढरीला थोपटत म्हणाली, “तुलेही हेच देऊ, हो.”

मी म्हटलं, “सर, जरा चलाकर देखिए.” कंपाउंडरने काळीला दोन पावलं ओढलं. पुढचा पाय दुसऱ्या पायात अडकला, ती झोकांडी खाऊन सावरली. मावशीचा हात पांढरीच्या पाठीवर थांबला.

“थोड़ा कम डोज दीजिए,” साहेब म्हणाले. ते आता पुरते राजा झाले होते. शिपायाला म्हणाले, “इसे घोड़ी पर डालो, देखें कैसा लगता है.”

मी साहेबांचा दंड धरला आणि त्यांना घोडीच्या खांद्यापाशी, माझ्या शेजारी उभं केलं. सरकारी अधिकाऱ्याचा दंड धरायचा नसतो, पण त्यांच्या दोन्ही मांड्या शाबूत राहिल्या त्या त्यामुळेच. शिपायाने लांबूनच शेला घोडीच्या पाठीवर टाकला. मिरवणुकीत तो राजाच्या खांद्यावरून असाच घोडीच्या पुठ्ठ्यावर रुळणार होता. जरीमुळे तो जड. शेला घसरला, मागे सरकला, आणि त्याचं झालरीचं टोक काळीच्या मागच्या पायाला हळूच लागलं.

मान हलली नाही. डोळे उघडले नाहीत. फक्त पाय गेला.

साहेबांची खुर्ची आवाराच्या भिंतीवर आदळून तीन तुकड्यांत खाली आली. ओसरीवरच्या शेळ्यासुद्धा गप्प झाल्या. त्या दिवसांत राजधानीत प्रत्येकालाच आपल्या खुर्चीची काळजी होती. साहेबांना ती उडताना बघायला मिळाली. आणि काळी? ती ओठ लोंबवून तशीच उभी, जणू काही घडलंच नाही.

“बाप्पा वो!” मावशी म्हणाली, आणि पांढरीला घेऊन चार पावलं मागे गेली.

साहेब सावरले. सरकारी माणूस सावरतोच. त्यांनी म्हाताऱ्या घोड्याकडे बोट दाखवलं. त्याची पट्टी बदलून झाली होती आणि तो सौम्य चेहऱ्याने, स्वतःच्या पायांवर नीट उभा होता. “ये वाली दवा? ये तो ठीक लग रहा है.”

“बहुत अच्छी दवा है, सर,” मी म्हटलं. “बस, ढोल मत बजवाइए.”

बँडवाल्याला तेवढंच हवं होतं. दणका बसताच मामा आरामखुर्चीतून उठले: मान वर, कान ताठ, डोळे वटारलेले, आणि कंपाउंडर दोरीला लोंबकळून आवारभर. थोड्या वेळाने घोडा पुन्हा पेंगायला लागला, तेव्हा मी राखून ठेवलेली गंमत काढली.

“और एक बात है, सर. नीचे देखिए.”

साहेबांनी पाहिलं. एसिप्रोमाझिनने नर घोड्याचं जे आवरलेलं असतं ते सैल पडतं, खाली येतं आणि बराच वेळ तसंच लोंबत राहतं. हे पाठ्यपुस्तकात आहे. मी ते पाठ्यपुस्तकाच्याच स्वरात सांगितलं.

“ये... ये कब तक?”

“घंटों, सर. आपके पूरे जुलूस भर. मुख्य अतिथि के मंच के सामने भी.”

“पर मेरी तो घोड़ी है!”

“इसीलिए तो कह रही हूँ सर, इस दवा की आदत मत डालिए.”

मावशीने तोंडात पदर कोंबला होता. बँडवाल्याने तोंड ढोलाच्या मागे लपवलं. साहेबांनी शेला गोळा केला. जाता जाता म्हणाले, “घोड़ी आएगी. और शांत आएगी. कैसे, ये आप लोग जानें.” म्हणजे सुई नको असं ते म्हणालेच नाहीत. सरकारी अधिकारी हरत नाही, विषय खाली सोपवतो.

मी म्हटलं, “घोड़ी आएगी, सर. जागती हुई.”

त्यानंतर मिरवणुकीच्या दिवसापर्यंत माझी फार विचारपूस झाली. आमचे मोठे डॉक्टर, नागपूरचे, अतिशय सज्जन, मला खोलीत बोलावून हळूच म्हणाले, “अगं, नावाला थोडंसं दे. त्यांचंही समाधान, आपलंही.”

“सर, थोडंसं दिलेलं कुणाच्या पायात उतरेल? माझ्या की घोडीच्या?”

“तू फार नाटकी बोलतेस.”

“हो. पण सुई नाटकातली नाही ना.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी औषधाच्या कपाटाची किल्ली मंगळसूत्रात अडकवली. नवरा म्हणाला, आता माझ्यापेक्षा किल्लीच तुझ्या जास्त जवळची. मी म्हटलं, तुला कुणी घोडीला टोचायला मागत नाही.

पण खरी भीती मला सुईची नव्हतीच, गुळाची होती. सुई माझ्याशिवाय कुणी देऊ शकत नव्हतं. गोळ्या कुणीही चारू शकत होतं.

आणि मिरवणुकीच्या दिवशी सकाळी तसंच झालं. मी पुरानी बस्तीत पोचले तेव्हा पिंपळाखाली साहेबांचे दोन शिपाई उभे होते. एकाच्या हातात पानावर ठेवलेले, चांगले लिंबाएवढे गुळाचे दोन गोळे. पांढरी नाहूनमाखून, कपाळावर आरशांचा पट्टा लावून उभी, आणि गुळाच्या दिशेने तिने मान लांबवलेली. गुळासाठी ती घोडी काहीही करायची. मी धावले. पण माझ्या आधी मावशी मध्ये आली होती. तिने घोडीचं तोंड आपल्या काखेत घेतलं होतं.

“खिला दो, मौसी. परसाद है,” शिपाई म्हणाला.

“नाई चालत.”

“काहे?”

“आज उसका उपास है.”

शिपायाने घोडीकडे पाहिलं. घोडीने गुळाकडे पाहिलं.

“घोड़ी का उपास?”

“काहे? घोडी को भगवान नहीं है क्या?” मावशीचा आवाज चढला. गल्लीतल्या दोन बाया घागरी घेऊन थांबल्या. “अपने पाऊल से मंदिर के सामने से जाएगी. मुँह जूठा कर के जाएगी क्या? तुम्हारे साहब के वास्ते उपास तोड़ेगी तो पाप लगेगा किसको? तुमको!”

शिपाई मागे सरकला. खात्याचा हुकूम मोठा की उपास मोठा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मोबाइल तेव्हा साहेबांकडेच असायचे, त्याच्याकडे नव्हता. त्याने गुळाचे गोळे पानात गुंडाळले आणि खिशात घातले.

“कब छोड़ेगी?” त्याने अगदी आदराने विचारलं.

“मिरवणूक झाल्यावर,” मावशी म्हणाली. “तलाव पर पहुँच के.”

मी पिंपळाच्या पलीकडे तोंड करून उभी राहिले. सगळं कॉलेज, सगळी तुलना, उडालेली खुर्ची. आणि त्या घोडीला वाचवायला मावशीला लागला एक उपास. मला हेवा वाटला. हा संवाद मला सुचायला हवा होता.

साहेब राजाच्या वेषात आले. शिपायाने त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. मग त्यांनी पांढरीकडे पाहिलं. ती पूर्ण जागी होती. कान टवकारलेले, एक पाय जमिनीवर आपटत, बँड कुठे आहे ते शोधत. मावशी म्हणाली, “बसा न साहेब. मी धरून हाये.” हे ती अगदी मनापासून म्हणत होती. मीही म्हटलं, “सर, मौसी के हाथ में जागते हुए इसने कभी किसी को नहीं गिराया.” त्यांनी रिकिबीत पाय घातला. त्याच वेळी बँडवाल्याने, माझ्या शेळीवाल्यानेच, ढोल सुरू केला आणि पांढरी तालावर पुठ्ठे हलवायला लागली. साहेबांनी पाय काढला. कुणीतरी त्यांना काळ्या घोडीने उडवलेल्या खुर्चीची आठवण करून दिली असावी. निदान माझ्या तोंडावर तरी ती लिहिलेली असणार.

शेवटी राजाचा फेटा खोगिरावर ठेवला, शेला मात्र नाही, आणि साहेब मागच्या उघड्या जीपमधून आले. ‘राजाचं प्रतीक’ असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. लोकांना ते फार पटलं. बाया रिकाम्या खोगिराला हात जोडत होत्या. पांढरी नाचत होती. मावशी नवऱ्याचे बूट घालून पुढे, लगाम सैल सोडून, आणि चढ आला, खड्डा आला की फक्त म्हणायची, “पाय पाहून, पोट्टे.” मी फुटपाथवरून, माणसांच्या पोटात कोपरं खुपसत, घोडीच्या गुडघ्यांवर डोळे लावून सोबत चालत होते. मुख्य पाहुण्यांच्या मंचासमोर कुणीतरी फटाक्यांची लड लावली. पांढरी उसळली, आणि मावशी म्हणाली, “बस वो.” घोडी मधल्या तालात, एक पाय उचललेला तसाच ठेवून थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला. जीपमधून साहेबांनी नमस्कार केला. टाळ्या त्यांना वाटल्या तर वाटू देत.

माझी बदली झाली. आतल्या भागात, जिथे घोड्यावर साहेब बसत नाहीत, कारण घोडेच नव्हते. बैल होते आणि डुकरं होती. मी तिथे पुरती मजेत राहिले आणि जाताना मोठ्या डॉक्टरांना सांगून गेले की सुई मी तेव्हाही दिली नव्हती, पुन्हा विचारलंत तरी देणार नाही. पिंपळाखालची जागा मात्र कुणी हटवली नाही. टाळ्या मिळालेल्या घोडीला घाण म्हणायची कुणाची हिंमत? आणि पुरानी बस्तीतल्या सगळ्या घोड्या त्या वर्षापासून वरातीच्या दिवशी कडक उपास धरायला लागल्या, असं ऐकलं.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी मिरवणूक तेलीबांध्याच्या तलावाशी संपली, बँड थांबला, माणसं पांगली. मी रस्त्यावरच बसले, चांगली साडी धुळीत घालून, आणि पांढरीच्या दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला. जुने व्रण होते, तेवढेच. सूज नाही, हाताला गरम लागत नाही. उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा.

“काय हाये?” मावशीने विचारलं.

“काही नाही.”

“मंग सोडा हिचा उपास.”

पर्समध्ये माझा स्वतःचा गूळ होता, घरून कागदात बांधून आणलेला. मी तो तळहातावर धरला. मावशीने आधी एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, चघळून बघितला, माझ्याकडे बघत मान डोलावली, आणि मग बाजूला झाली.